छापील किंमत कोणासाठी?

२२ सप्टेंबर २०२४ च्या रविवारी दुपारी बारा वाजता एका संगीत कार्यक्रमाची तिकिटे विक्रीला निघाली. कार्यक्रम कोल्डप्ले या इंग्लंडच्या गायक-वादक मंडळींचा, ठिकाण नवी मुंबईचे डी. वाय. पाटील मैदान, तारखा पुढच्या जानेवारीच्या १८, १९ आणि २१. तिकिटे कोणत्याही खिडकीवर नव्हती, ती बुकमायशो या कंपनीच्या संकेतस्थळावर होती. कंपनीनेच नंतर सांगितले की, त्या दिवशी सुमारे १ कोटी ३० लाख लोक तिकिटासाठी आले होते. तिन्ही दिवसांच्या जागा एकत्र केल्या तरी त्या दोन लाखांच्या आतच भरतात. छापील किंमत अडीच हजार रुपयांपासून पस्तीस हजारांपर्यंत. लोक अजून आपला नंबर कधी येतो म्हणून मोबाईलकडे डोळे लावून बसले होते, तोच तीच तिकिटे व्हायागोगो नावाच्या परदेशी संकेतस्थळावर कित्येक पट भावाने दिसू लागली. काहींचा भाव तर लाखांच्या घरात गेला.

वाचक म्हणतील, अडीच हजार मोजून इंग्रजी गाणी ऐकणारे लोक निराळे. त्यांच्या भांडणाशी आपला काय संबंध? आपल्याकडचे गायनाचे कार्यक्रम चौकात आणि मैदानात रात्र रात्र चालतात, त्यांना तिकीट म्हणून नसते. हे खरेच आहे. पण तिकीट ही वस्तू आपल्या घरात येतच नाही काय? मुलाला एकदा तरी वानखेडेवर जाऊन सामना पाहायचा असतो. मुलीला नवरात्रात मैत्रिणींबरोबर गरब्याला जायचे असते. गावी जायचे तर रेल्वेचे तिकीट काढावेच लागते. तिकिटावर जी किंमत छापलेली असते ती पगारावर जगणाऱ्या माणसाला दिलेला शब्द असतो. तू आधी आलास, रांगेत उभा राहिलास, एवढे पैसे दिलेस, तर जागा तुझी. हा शब्द मोडला की रांगेला काही अर्थ उरत नाही, फक्त खिशाला उरतो. आणि खिशाच्या शर्यतीत आपला नंबर कुठे लागतो हे आपणास ठाऊक आहे.

त्या गडबडीनंतर पुष्कळ धावपळ झाली. मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने बुकमायशोच्या प्रमुखांना चौकशीला बोलावले. आपला त्या परदेशी संकेतस्थळाशी काही संबंध नाही असे कंपनीने सांगितले आणि स्वतःही पोलिसांत तक्रार दिली. ऑक्टोबरात सक्तवसुली संचालनालयाने मुंबई, दिल्ली, बंगळूर आदी शहरांत छापे घातले. पंजाबी गायक दिलजीत दोसांझ यांच्या कार्यक्रमांच्या तिकिटांचीही त्यात चौकशी होती. एका वकिलाने मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली आणि अशा तिकीटविक्रीला काही नियम घालून द्यावेत अशी मागणी केली. १० जानेवारी २०२५ रोजी न्यायालयाने ती याचिका फेटाळली. न्यायालयाच्या म्हणण्याचा मथितार्थ असा की, कायदा करणे हे विधिमंडळाचे आणि सरकारचे काम आहे, ते न्यायालयाने करावयाचे नाही. आठ दिवसांनी पहिला कार्यक्रम झालाही.

न्यायालयाने ज्या दाराकडे बोट दाखवले त्या दाराबद्दल हा लेख आहे.

पोराला कोठडी, कंपनी मोकळी

चाळिशी ओलांडलेल्या वाचकांना तिकिटांचा काळाबाजार समजावून सांगायला नको. 'हम आपके हैं कौन' १९९४ साली आणि 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे' १९९५ साली लागला, तेव्हा थिएटरच्या फाटकाबाहेर ओठ न हलवता 'बाल्कनी, बाल्कनी' असे पुटपुटत फिरणारी पोरे आम्ही पाहिली आहेत. दहाचे वीस, वीसचे पन्नास. खिडकीवर 'हाऊसफुल्ल'ची पाटी लागलेली आणि तिकिटे पोरांच्या खिशात! ती तिथे पोचली कशी? खिडकीच्या आतल्या माणसाशिवाय पोचणे शक्य नव्हते, हे रांगेतल्या प्रत्येकाला कळत होते. पोलीस यायचे, दोन पोरांची मानगूट धरून न्यायचे, आठवड्याने तीच पोरे पुन्हा फाटकाशी हजर. आतल्या माणसाला कोणी हात लावल्याचे आमच्या पाहण्यात नाही. ही पोरे बहुतेक जवळच्या झोपडपट्टीतली, शाळा सुटलेली. त्यांची भलामण करण्याचा आमचा हेतू नाही. सणासुदीला बायकामुलांना घेऊन आलेल्या गिरणी कामगाराला त्यांनी दुप्पट भावाने कापलेच. पण शिक्षेच्या वाटणीत न्याय नव्हता, एवढेच म्हणावयाचे आहे.

कायदा काय होता? १९५१ चा मुंबई पोलीस कायदा, ज्याला आता महाराष्ट्र पोलीस कायदा म्हणतात. करमणुकीच्या जागा, त्यांचे परवाने आणि तिकीटविक्री यांबाबत नियम करण्याचे अधिकार त्यात आहेत. त्या काळी विक्री म्हणजे फाटक, फूटपाथ आणि हातातला कागद. हवालदाराला दिसेल असा विक्रेता आणि त्याच्या खिशात सापडतील अशी तिकिटे. आता विकणारा दिल्लीत, संकेतस्थळ परदेशात, घेणारा डोंबिवलीत, आणि तिकीट म्हणजे मोबाईलवरची चौकटीची खूण. हवालदाराने मानगूट कोणाची धरावी? काळाबाजाराविरुद्ध १९८० चा केंद्राचा कायदा आहे, महाराष्ट्राचा १९८१ चाही आहे, पण ते जीवनावश्यक वस्तूंपुरते. गाण्याचे तिकीट जीवनावश्यक नव्हे, आणि त्याला धान्य-रॉकेलच्या रांगेत बसवावे असे आम्हीही म्हणणार नाही.

गंमत पाहा. दुकानदाराने पाण्याच्या बंद बाटलीला छापील किमतीपेक्षा दोन रुपये जादा घेतले तर वैधमापन खात्याकडे तक्रार करता येते. वीस रुपयांच्या बाटलीला कायद्याचे एवढे संरक्षण! आणि अडीच हजारांचे तिकीट पंचवीस हजारांना विकले तर कोणत्या खात्याच्या कोणत्या टेबलावर अर्ज टाकायचा, हे वीस वर्षे कारकुनी केलेल्या आम्हालाही सांगता येत नाही.

सिनेमाच्या तिकिटांचा काळाबाजार मात्र पुढे आपोआप ओसरला. तो पोलिसांनी संपवला असा कोणाचा समज असेल तर तो चुकीचा आहे. मल्टिप्लेक्स आले, एकच चित्रपट एकाच दिवशी गावोगाव शेकडो पडद्यांवर लागू लागला, आणि खिडकीवरचा दरच एवढा वर गेला की वर नफा काढायला दलालाला जागा उरली नाही. जो पैसा आधी फाटकावरच्या पोराच्या खिशात जायचा तो आता मालकाच्या गल्ल्यात जातो. कामगाराच्या दृष्टीने फरक काय पडला, हे ज्याचे त्याने ठरवावे. एवढे मात्र खरे की, जागा वाढल्या की दलाल मरतो. त्याच कोल्डप्लेने २५ आणि २६ जानेवारी २०२५ ला अहमदाबादच्या मोठ्या मैदानावर दररोज लाखावर लोकांपुढे कार्यक्रम केले आणि दुसऱ्या दिवशीचा कार्यक्रम घरबसल्या पाहण्याचीही सोय झाली. पण प्रत्येक सामन्याला आणि प्रत्येक गायकाला दुसरे मैदान कोठून आणायचे?

रेल्वेला जमते ते इथे का नाही?

आपल्या देशात तिकिटाच्या दलालीला लगाम घालणारा कायदाच नाही असे नाही. १९८९ च्या रेल्वे कायद्याचे १४३ वे कलम पाहा. परवानगी नसताना रेल्वे तिकिटे मिळवून देण्याचा धंदा करणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याआधीच्या १४२ व्या कलमात एकाच्या नावाचे तिकीट दुसऱ्याला विकण्यालाही शिक्षा आहे. गणपतीत कोकणात किंवा मे महिन्यात विदर्भात जाणाऱ्या वाचकांना ह्या कलमांची गरज का पडली ते निराळे सांगावे लागणार नाही.

हा कायदा झाला तेव्हा घरबसल्या तिकीट काढण्याची सोय नव्हती. केरळातील एका प्रकरणात आरोपीने खोट्या नावांनी शेकडो खाती उघडून रेल्वेची तिकिटे काढून विकली, असा आरोप होता. १९८९ चा कायदा इंटरनेटवरच्या तिकिटांना लागू होत नाही, असे सांगून केरळ उच्च न्यायालयाने खटला रद्द केला. ९ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. तिकीट खिडकीवरचे असो की इंटरनेटवरचे, परवान्याविना त्याचा धंदा करणे हा गुन्हाच, असा हा निकाल आहे. तारखांकडे वाचकांनी लक्ष द्यावे. दिल्लीत हा निकाल लागला त्याच्या दुसऱ्याच दिवशी मुंबईत ती याचिका फेटाळली गेली. दोन्ही न्यायालये आपापल्या जागी बरोबर होती. एकाच्या हातात संसदेने केलेले कलम होते, दुसऱ्याच्या हातात काहीच नव्हते.

रेल्वेची दुसरी युक्तीही ध्यानात ठेवण्याजोगी आहे. तिकिटावर नाव असते. १ जुलै २०२५ पासून इंटरनेटवर तत्काळ तिकीट काढताना आधारची पडताळणीही सक्तीची झाली. दलाल यामुळे नाहीसे झाले असे आम्ही म्हणणार नाही, पण त्यांचे काम अवघड नक्कीच झाले.

परदेशात काय घडले

इंग्लंडमध्ये ह्या कायद्याची सुरुवात गाण्यापासून झाली नाही, मृत्यूपासून झाली. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर फुटबॉल सामन्यात चेंगराचेंगरी होऊन अखेर ९७ माणसे दगावली. त्या चौकशीचा अंतिम अहवाल न्यायमूर्ती टेलर यांनी १९९० मध्ये दिला. दलालांकडून तिकिटे घेऊन दोन विरुद्ध संघांचे पाठीराखे एकाच भागात येऊन बसतात आणि मारामाऱ्या होतात, हेही त्या चौकशीत पुढे आले. १९९४ च्या कायद्याने फुटबॉलच्या तिकिटांची परवानगीशिवाय फेरविक्री गुन्हा ठरली, मग किंमत कितीही घेतलेली असो. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकसाठी असाच खास कायदा होता आणि स्पर्धेआधी दंडाची मर्यादा ५ हजार पौंडांवरून २० हजारांवर नेली. पण नाटक, गाणी, क्रिकेट? त्यांना यातले काही लागू नव्हते. फुटबॉलचे तिकीट विकणारा गुन्हेगार आणि त्याच फूटपाथवर गाण्याचे तिकीट चौपट भावाने विकणारा व्यापारी, असा तो प्रकार होता.

तरीही खटले झाले. २०२० साली लीड्सच्या न्यायालयाने दोन मोठ्या दलालांना फसवणुकीबद्दल तुरुंगात पाठवले, एकाला चार वर्षे आणि दुसऱ्याला अडीच वर्षे. दोघांनी मिळून सुमारे ४० लाख पौंडांची तिकिटे घेतली आणि १ कोटी ८ लाख पौंडांना विकली. घेतली कशी? शेकडो नावे, निरनिराळी बँक कार्डे आणि माणसापेक्षा जलद बटणे दाबणारी संगणकाची यंत्रणा. शिवाय हातात नसलेली तिकिटेही ते विकत, म्हणजे आधी गिऱ्हाइकाचे पैसे घ्यायचे आणि मग तिकीट शोधायला निघायचे. आम्ही बी.कॉम.ला हिशेबशास्त्र शिकलो, पण नसलेल्या मालाचा एवढा मोठा जमाखर्च आमच्या पुस्तकात नव्हता.

नोव्हेंबर २०२५ मध्ये तिथल्या सरकारने एक पाऊल पुढे टाकले. गाणे, नाटक, खेळ, कशाचेही तिकीट मूळ किमतीपेक्षा जास्त भावाने विकणे बेकायदा करण्याचा निर्णय जाहीर झाला. मूळ विक्रीत एका माणसाला जितकी तिकिटे घेता येतात त्याहून जास्त त्याला पुढे विकता येणार नाहीत. संकेतस्थळाने घ्यावयाच्या सेवा-आकारालाही मर्यादा राहील. आणि सर्वात महत्त्वाचे म्हणजे नियम पाळले जातात की नाही हे पाहण्याची जबाबदारी संकेतस्थळाची, न पाळल्यास जगभरच्या उलाढालीच्या दहा टक्क्यांपर्यंत दंड. हा निर्णय व्हावा म्हणून ज्या कलावंतांनी पंतप्रधानांना जाहीर पत्र लिहिले त्यात कोल्डप्लेही होते. म्हणजे नवी मुंबईत ज्यांच्या नावावर लूट झाली त्यांनाच ती नको होती.

ऑस्ट्रेलियाची वाट थोडी निराळी. तिथल्या न्यू साउथ वेल्स राज्याने २०१८ मध्ये मूळ किमतीपेक्षा दहा टक्क्यांहून अधिक घेण्यास बंदी केली. क्वीन्सलँड आणि व्हिक्टोरियात ठरावीक मैदाने किंवा मोठे कार्यक्रम यांपुरती अशी मर्यादा आहे आणि वेस्टर्न ऑस्ट्रेलियाने २०२१ मध्ये तसाच कायदा केला. दहा टक्के का? तिकीट काढताना जो बुकिंगचा खर्च येतो तो विकणाऱ्याला भरून मिळावा म्हणून. ५०० रुपयांचे तिकीट जास्तीत जास्त ५५० ला. ज्याला आजारपणामुळे जाता आले नाही त्याचे नुकसान नाही, आणि ज्याला धंदा करायचा आहे त्याला त्यात काही मिळत नाही. आम्हाला हा हिशेब पटतो.

जपानने टोकियो ऑलिंपिकच्या तोंडावर, जून २०१९ पासून, नावानिशी विकलेल्या तिकिटांच्या काळ्याबाजाराला एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा लाख येनपर्यंत दंड ठेवला. पण तिथे आयोजकानेही आपले काम करायचे आहे. तिकिटावर फेरविक्री मना असल्याचे स्पष्ट छापायचे आणि घेणाऱ्याचे नाव नोंदवायचे, तरच कायद्याचे संरक्षण.

अमेरिकेची कथा जुनी आणि उलटसुलट आहे. न्यूयॉर्क राज्याने १९२२ मध्येच कायदा केला होता की, नाटकाचे तिकीट विकणाऱ्या दलालाने छापील किमतीवर पन्नास सेंटपेक्षा जास्त घेऊ नये. १९२७ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो पाच विरुद्ध चार मतांनी रद्द केला. नाटकगृह हा खासगी धंदा, त्याच्या तिकिटाची किंमत ठरवणे सरकारचे काम नाही, असा बहुमताचा सूर होता. पुढे न्यायालयाचे मत पालटले आणि १९६५ मध्ये दीड डॉलरची मर्यादा घालणारा कायदा टिकला. मग २००७ मध्ये न्यूयॉर्कने स्वतःच मर्यादा उठवली. आता पुन्हा उलटी हवा वाहते आहे. २०२५ मध्ये मेन या छोट्या राज्याने दहा टक्क्यांची मर्यादा आणली. कॅनडातील ऑन्टारियो प्रांताने तर २०१७ मध्ये पन्नास टक्क्यांची मर्यादा कायद्यात लिहिली आणि पुढच्या सरकारने ती अमलात येण्याआधीच काढून टाकली.

'माझे तिकीट, माझी मर्जी'

अशा कायद्याला विरोध करणारे लोक सगळेच दलालांचे मित्र नसतात. त्यांचे पहिले म्हणणे असे की, मी पैसे देऊन तिकीट घेतले, ते माझे झाले, मी ते कितीलाही विकीन. जुने कपाट विकताना सरकार विचारते काय? पण तिकीट म्हणजे कपाट नव्हे. ती एका दिवसाच्या एका जागेची परवानगी आहे आणि ती देणाऱ्याने अटी घालून दिलेली आहे. ज्याने ती वापरण्याचा कधीच विचार केला नाही, चाळीस नावांनी चाळीस जागा अडवल्या, त्याने मालाचा व्यापार केलेला नसतो. त्याने फक्त रांग अडवून ठेवली आणि ती सोडण्याचे पैसे घेतले.

दुसरे म्हणणे जास्त विचार करण्यासारखे आहे. मर्यादा घातली तर संकेतस्थळावरची विक्री बंद पडेल आणि सगळा व्यवहार व्हॉट्सअॅपवर, गल्लीबोळात जाईल, तिथे फसवणूक वाढेल. हे म्हणणाऱ्या कंपन्यांचा त्यात स्वार्थ आहे, तरी मुद्दा खोटा नाही. फक्त एक गोष्ट ते सांगत नाहीत. आपल्याकडे मर्यादा नाही, तरी फसवणूक आहेच. २०२३ च्या नवरात्रात मुंबईच्या पश्चिम उपनगरात गरब्याचे पास स्वस्तात देतो म्हणून दीडशेच्या वर तरुणांचे पैसे उकळल्याचे प्रकरण पोलिसांत गेले होते.

आमच्या कचेरीत शिपाई असलेल्या एका काकांच्या मुलाचे घ्या. मुलगा सामान पोचवण्याचे काम करतो. त्याने क्रिकेट सामन्याचे ८०० रुपयांचे तिकीट मोबाईलवरच्या ओळखीतून २,५०० ला घेतले. तिकीट म्हणून छायाचित्र आले. फाटकावरच्या यंत्राने सांगितले की, हे तिकीट वापरून झाले आहे. तीच खूण विकणाऱ्याने आणखी किती जणांना पाठवली होती कोण जाणे. मुलगा सामना संपेपर्यंत बाहेर उभा राहिला, कारण घरी लवकर गेला असता तर सगळ्यांना कळले असते. काका म्हणाले, "साहेब, पैशाचे सोडा, पण तो आता कुणाशी बोलत नाही." (अशा वेळी पैसे गेल्याबरोबर १९३० ह्या क्रमांकावर सायबर तक्रार करावी, जितका उशीर तितकी रक्कम परत मिळण्याची आशा कमी. तिकीट कंपनीबद्दल तक्रार असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. आणि तिकिटाचे छायाचित्र म्हणजे तिकीट नव्हे, हे घरातल्या मुलामुलींना आधीच सांगून ठेवावे.)

म्हणून मर्यादेबरोबर दुसरी सोयही लागते. ज्याला जाता येत नाही त्याला तिकीट परत करण्याची आणि रांगेतल्या पुढच्या माणसाला ते छापील किमतीत मिळण्याची व्यवस्था तिकीट विकणाऱ्या कंपनीनेच ठेवावी. मग गल्लीत जाण्याचे कारणच कमी होते.

तिसरी गोष्ट हरकत नव्हे, ती ह्या कायद्याची खरी उणीव आहे. फेरविक्रीला मर्यादा घातली तरी पहिल्या विक्रीचे काय? ३१ ऑगस्ट २०२४ रोजी इंग्लंडमध्ये ओएसिस ह्या मंडळींची तिकिटे निघाली. तासन् तास रांगेत थांबलेल्या लोकांना शेवटी दिसले की १४८ पौंडांचे उभे राहण्याचे तिकीट आता ३५५ पौंड झाले आहे. दलाल कोणीच नव्हता! मागणी पाहून किंमत विक्रेत्यानेच वाढवली होती. आपल्याकडे आयपीएलच्या तिकिटांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून ४० टक्के झाला, म्हणजे मूळ हजाराचे तिकीट चौदाशेला. ह्याला काळाबाजार म्हणता येत नाही, कारण हे सगळे उजेडात चालते. फेरविक्रीचा कायदा महाग तिकीट स्वस्त करीत नाही. छापले तेवढेच घ्या, एवढेच तो सांगतो. किंमत किती छापावी हे भांडण वेगळे आहे आणि तेही कधीतरी करावे लागेल.

विधेयक कोणी आणायचे?

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यसूची आहे. तिच्या ३३ व्या नोंदीत नाट्यगृहे, खेळ आणि करमणूक हे विषय राज्यांकडे दिलेले आहेत. म्हणजे दिल्लीकडे पाहत बसण्याचे कारण नाही. महाराष्ट्राचे विधिमंडळ हा कायदा स्वतः करू शकते. परदेशी कंपनीला हात घालताना केंद्राची मदत लागेल, पण मैदान आपल्या राज्यात आहे, आयोजकाला परवानगी आपलेच पोलीस आणि महापालिका देतात. त्या परवानगीच्या अटींतच पुष्कळ काही लिहिता येते.

आणि सरकारनेच विधेयक आणले पाहिजे असेही नाही. आयर्लंडमध्ये २०१७ साली तिकिटांवरून असाच गदारोळ झाला, तेव्हा नोएल रॉक आणि स्टीफन डोनेली ह्या दोन वेगवेगळ्या पक्षांच्या आमदारांनी एकत्र येऊन विधेयक मांडले. सरकारने पुढच्या वर्षी त्याला पाठिंबा दिला, मग स्वतःचे विधेयक आणले, आणि जुलै २०२१ मध्ये कायदा झाला. हजार किंवा अधिक लोक मावतील अशी ठिकाणे नेमून दिली की तिथल्या तिकिटांची जादा भावाने फेरविक्री गुन्हा. शिक्षा एक लाख युरोपर्यंत दंड किंवा दोन वर्षांपर्यंत कैद. धर्मादाय कामासाठी किंवा हौशी खेळाडूंच्या क्लबासाठी निधी उभारायला तिकीट जादा किमतीने विकले तर त्याला सूट आहे. आपल्या मंडळांनी हे कलम नीट वाचावे. वसतिगृहाच्या मदतीसाठी नाटकाचा प्रयोग घेऊन पन्नासचे तिकीट शंभरला देणारे कार्यकर्ते आपल्यात आहेत, ते उद्या गुन्हेगार ठरता कामा नयेत.

आपल्याकडेही कोणताही आमदार अशासकीय विधेयक मांडू शकतो. आम्ही आमच्या भागातील आमदारांसाठी दोन पानी निवेदन तयार केले आहे. फेरविक्रीला छापील किमतीवर दहा टक्क्यांची मर्यादा, ती मोडली तर दंड आधी संकेतस्थळाला आणि घाऊक तिकिटे अडवणाऱ्याला, मोठ्या कार्यक्रमांना नावानिशी तिकीट, परतीची सोय, आणि आयोजकांनी पाहुण्यांसाठी व पुरस्कर्त्यांसाठी किती जागा आधीच बाजूला काढल्या तो आकडा विक्रीपूर्वी जाहीर करणे, एवढे त्यात आहे. विकत घेणाऱ्या माणसाला शिक्षा नसावी, आणि फाटकावर दोन तिकिटे घेऊन उभ्या असलेल्या पोराला पहिल्या खेपेस फक्त समज देऊन सोडावे, हेही आम्ही मुद्दाम लिहिले आहे. ह्या शेवटच्या वाक्यावर आमच्या बैठकीत वाद झाला. दोघांनी सही केली नाही. वाक्य मात्र ठेवले आहे.

ज्या युवक संघांना, महिला मंडळांना किंवा कामगार संघटनांना निवेदन पाहावयाचे असेल त्यांनी आपल्या साप्ताहिकाच्या कार्यालयातून त्याची झेरॉक्स न्यावी. आपल्या आमदाराचे नाव वर घालून, सह्या करून, अधिवेशनाच्या किमान पंधरा दिवस आधी ते पोचते करावे आणि पोच घेण्यास विसरू नये.